मेफ्लॉवरचा करारनामा, भिंतीवर लावायची प्रत: पाचपैकी तीन तारे

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्या माणसांनी आपसात सह्या करून जो कागद केला, त्याची ही प्रत. एक तारा लाखेच्या शिक्क्यापायी कापला, एक एडवर्ड लेस्टरपायी. दोन्हींची कारणं खाली येतील. घाईत असाल तर एवढंच वाचा: कागद जाड आहे, अक्षर वाचता येतं, पुठ्ठ्याचं नळकांडं मजबूत आहे. पण किनारपट्टीला राहत असाल तर पावसाळ्यात फ्रेमशिवाय आठ दिवससुद्धा ठेवू नका.

मी मालवणात तहसील कचेरीच्या बाजूला बसणारा दस्तलेखक. चौतीस वर्षं झाली. भाडेकरार, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं, होड्यांची खरेदीखतं, भावाभावांच्या वाटण्या असं सगळं लिहिलं. यंदा साठी झाली. मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने हे ऑनलाइन मागवलं. म्हणाली, "बाबा, तुमच्या धंद्यातला जगातला सगळ्यात गाजलेला कागद आहे हा." किंमत १,२९९ रुपये. नळकांड्यातून बाहेर आला तो चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा कागद, चारी कडा मुद्दाम जाळलेल्या, खाली लाल लाखेचा शिक्का आणि त्यातून लोंबणारी रेशमी फीत. बायको म्हणाली, "एवढे पैशे घालून फाटको कागद हाडलो?" तिला जळका म्हणायचं होतं, पण मुद्दा पोचला.

विक्रेत्याने जाहिरातीत लिहिलं होतं, 'मूळ दस्तऐवजाची हुबेहूब प्रतिकृती'. इथे पहिली अडचण. मूळ कागद अस्तित्वातच नाही. १६२० साली ज्याच्यावर सह्या झाल्या तो कागद केव्हाच हरवला. मजकूर आपल्याला कळतो तो नकलांवरून. १६२२ साली लंडनला छापलेल्या एका पुस्तकात तो आला, पण खाली सह्यांची यादी नव्हती. विल्यम ब्रॅडफर्ड हा त्या वसाहतीचा पुढे अनेक वर्षं गव्हर्नर होता. त्याने आपल्या हस्तलिखित वहीत मजकूर उतरवून ठेवला. नावांची यादी पहिल्यांदा छापली गेली १६६९ साली, म्हणजे सह्या करणारे बहुतेक सगळे गेल्यावर. ब्रॅडफर्डची वहीसुद्धा मधे गहाळ झाली. ती १८५५ साली लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडली आणि १८९७ साली परत मॅसॅच्युसेट्सला गेली. सापडलेला कागद घरी यायला बेचाळीस वर्षं. आमच्याकडे मोजणीचा नकाशा मिळायला वेळ लागतो म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तर हुबेहूब कशाची? या प्रतीतलं वळणदार अक्षर ब्रॅडफर्डचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. सगळ्या 'सह्या' एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, एकाच कोनात कललेल्या. असा दस्त माझ्याकडे आला तर मी आधी दार लावून घेईन.

सोबत एक माहितीपत्रक येतं, इंग्रजी आणि हिंदीत. हिंदीत राजा जेम्सला 'हमारे डरावने राजा' म्हटलंय. मूळ शब्द 'ड्रेड' आहे. तो त्या काळी धाकदरारा असलेल्या, ज्याच्यापुढे मान खाली घालायची अशा राजाला लावत. आपण 'श्रीमंत', 'राजमान्य राजश्री' लिहायचो त्यातलाच प्रकार. 'डरावने' वाचून मुलगी पंधरा मिनिटं हसत होती. पत्रकात तारीख २१ नोव्हेंबर आणि वरच्या कागदात ११ नोव्हेंबर. गिऱ्हाईक म्हणणार एक तरी चूक आहे. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर चालवत होते, १७५२ पर्यंत चालवलं, आणि त्या शतकात दोघांत दहा दिवसांचा फरक होता. एका ओळीत सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता मजकूर. मी इंग्रजी कोर्टाच्या कागदांपुरतं वाचतो, पण हा दोनेकशे शब्दांचाच आहे, आणि गंमत म्हणजे जुन्या दस्ताची इंग्रजी जुन्या दस्ताच्या मराठीसारखीच चालते. सुरुवात 'देवाच्या नावाने, आमेन'. त्या काळची इंग्रजी मृत्युपत्रं अशीच सुरू व्हायची. आपल्या डोक्यावरच्या 'श्री'सारखं. मग राजाचा मथळा: ग्रेट ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडचा राजा. फ्रान्स! फ्रान्समधला इंग्रजांचा शेवटचा तुकडा, कॅले, १५५८ सालीच हातातून गेला होता. कबजा नाही, वहिवाट नाही, पण मथळ्यात नाव कायम. अशी कुटुंबं मी इथे आचऱ्यापासून देवबागपर्यंत दाखवतो. याच जेम्सचा वकील सर टॉमस रो आपल्याकडे जहांगीरच्या दरबारात होता, करारनाम्याच्या आदल्या वर्षापर्यंत.

पुढचं सार असं: आम्ही खाली सह्या करणारे, देवाच्या आणि एकमेकांच्या समक्ष, सगळे मिळून एक नागरी मंडळ होतो. वसाहतीच्या भल्यासाठी वेळोवेळी न्याय्य आणि सर्वांना सारखे कायदे करू, माणसं नेमू, आणि ते आम्ही पाळू. संपलं.

दस्तलेखक म्हणून सांगतो, यातल्या उणिवा मोजताना माझी एका हाताची बोटं पुरली नाहीत. मुदत नाही. दंडाचं कलम नाही. वाद झाला तर कुठे जायचं ते नाही. साक्षीदार नाहीत, साक्षीला देव आणि एकमेकं. चतुःसीमा तर विचारूच नका. कागदात लिहिलंय 'व्हर्जिनियाचा उत्तर भाग', आणि जहाज नांगरलेलं होतं अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडला, त्या हद्दीच्या बाहेर. सगळ्यात मोठी खोट म्हणजे जे कायदे पाळायचे ते अजून लिहिलेलेच नाहीत. आधी सही, मजकूर मागाहून. मी चौतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगत आलोय, कोऱ्या कागदावर सही करू नका.

मग असा कच्चा कागद टिकला कसा, हे मला समजून घ्यायचं होतं. पत्रक तिथे काही उपयोगाचं नाही. त्यात 'लोकशाहीचा जन्मदाखला' एवढं लिहून वर गरुडाचं चित्र काढलंय. बाकी मी मुलीच्या पुस्तकांतून आणि इकडून तिकडून वाचलं. त्यातून मला जे कळलं ते या प्रतीच्या किमतीपेक्षा महाग आहे, म्हणून लिहितो.

ही मंडळी मूळची इंग्लंडमधली, नॉटिंगहॅमशरच्या स्क्रूबी गावाभोवतालची. राजाच्या चर्चमध्ये राहायला तयार नव्हती, वेगळी प्रार्थना भरवायची, त्यापायी छळ. म्हणून आधी हॉलंडला गेली. तिथे लायडनमध्ये दहा-अकरा वर्षं काढली. मग अमेरिकेला जायचं ठरलं. पण पैसा कुठला? लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला. आता इथे माझे कान टवकारले, कारण व्यापारी आले म्हणजे कागद आला.

कागद एक: सनद. व्हर्जिनिया कंपनीने दिलेली, वसाहत करायची परवानगी. पण ती व्हर्जिनियाच्या हद्दीपुरती.

कागद दोन: व्यापाऱ्यांशी भागीचा करार. दहा पौंडांचा एक हिस्सा. सोळा वर्षांवरचा जो माणूस जाईल त्याचा एक हिस्सा धरायचा. सात वर्षं सगळं उत्पन्न सामाईक, मग वाटणी. ठरलं तेव्हा घरं आणि परसबागा वाटणीबाहेर होत्या आणि आठवड्याचे दोन दिवस माणसाने स्वतःसाठी राबायची मुभा होती. नंतर व्यापाऱ्यांनी दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. साउदम्प्टनच्या बंदरात त्यांचा माणूस टॉमस वेस्टन नवा मसुदा घेऊन सहीला आला. यांनी सही केली नाही. तो रागावून गेला, उरलेले पैसे दिले नाहीत. बंदराची देणी भागवायला यांनी आपल्या शिध्यातली लोण्याची साठ-ऐंशी पिपं विकली. हा प्रसंग मला डोळ्यांसमोर दिसतो. प्रवासाला निघालेला माणूस जेट्टीवर उभा राहून डब्यातलं तूप विकतोय.

पुढे दोनातलं एक जहाज गळायला लागलं, दोनदा परत फिरावं लागलं, आणि शेवटी एकटं मेफ्लॉवर ६ सप्टेंबर १६२० ला प्लिमथहून सुटलं. माणसं १०२. मधल्या समुद्रात जहाजाचा मुख्य वासा तडकला, तो यांनी हॉलंडहून आणलेल्या एका मोठ्या लोखंडी स्क्रूने रेटून परत जागी बसवला. (आमच्या शेजारच्या सुताराला हे सांगितलं तर म्हणाला, "मगे बरोबरच केल्यानी.") सहासष्ट दिवसांनी जहाज केप कॉडच्या आत नांगरलं. दक्षिणेला हडसन नदीच्या बाजूला जायचं होतं, पण वाटेत उथळ पाण्याचे धोकादायक पट्टे लागले आणि ते परतले.

आणि जहाजावर कुजबुज सुरू झाली. सगळे काही त्या धर्मपंथाचे नव्हते. अर्ध्याहून अधिक माणसं व्यापाऱ्यांनी जमवलेली, कामाला, नशीब काढायला निघालेली. त्यातले काहीजण म्हणू लागले, किनाऱ्याला उतरलो की आम्ही आमचे मोकळे. सनद व्हर्जिनियाची आहे, ही जागा व्हर्जिनिया नाही, इथे आम्हाला हुकूम सोडणारा कोण?

कायद्याने त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं! मी वकील असतो तर हीच बाजू मांडली असती. म्हणजे पेटीत दोन कागद. एक चुकीच्या जागेचा, दुसरा सहीविना. हा तिसरा कागद त्या दोघांच्या फजितीतून आला. लोकशाही वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हती. ब्रॅडफर्ड सरळ लिहितो की असंतुष्टांच्या बोलण्यामुळे हा केला. त्याच्या लेखी तो फक्त 'कॉम्बिनेशन', म्हणजे मिळून राहायचं. 'मेफ्लॉवर कॉम्पॅक्ट' हे भारदस्त नाव फार नंतर, १७९३ साली पडलं.

हे वाचलं तेव्हा मला सात-आठ वर्षांपूर्वीची एक रापण आठवली. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर उभं राहून पन्नास-साठ माणसांनी ओढायच्या. मासळीचे वाटे पडतात: माणसाचा, जाळ्याचा, होडीचा. नियम बापजाद्यांचे, तोंडी. त्या एका संघात तरुण पोरं फुटायला निघाली होती. 'दर्यो काय कोणाच्या बापाचो नाय' हे त्यांचं म्हणणं, आणि तेही कायद्याने चूक नव्हतं. वडीलधारे माझ्याकडे कागद करायला आले. वाटे लिहिले, पाळ्या लिहिल्या, आणि शेवटी म्हणाले, लिही, पुढे पंच जे ठरवतील ते सगळ्यांना मान्य. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, असं मोघम लिहू नका, उद्या पंच काहीही ठरवतील. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "दोरी सोडून माणसां गेली तर रापण ओढतलो कोण?"

मी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या, चौघांनी अंगठे. पोरांनीही केल्या. संघ आजही आहे. वाद होतात, होऊ देत.

म्हणून केप कॉडच्या त्या कागदाकडे मी आता हसून बघत नाही. नोव्हेंबर संपत आलेला, समोर बर्फ, खलाशांना घरी परतायची घाई, आणि जी माणसं सोडून जायला निघालीत त्यांना थांबवायला हातात काही नाही. दंडाचं कलम लिहिलं असतं तर वसूल कोणी केलं असतं? लिहिण्याजोगं एकच वाक्य होतं, ते त्यांनी लिहिलं. त्या वसंतापर्यंत निम्मी माणसं मेली. उरली ती एकत्र राहिली. वर्षभराने 'फॉर्च्युन' नावाचं जहाज त्या जागेची खरी, शिक्क्यांची सनद घेऊन आलं, आणि भागीच्या करारावरही तेव्हाच सही झाली. ती सनद आजही त्यांनी वसवलेल्या, अमेरिकेतल्या प्लिमथच्या संग्रहालयात आहे. तिची प्रत विकायला मी तरी कुठे पाहिली नाही.

आता लाखेकडे येतो. या करारनाम्याला शिक्का मारणारा कोणी नव्हता, हीच तर त्याची गोष्ट. तिथे राजाचा माणूस नव्हता, कंपनीचा नव्हता. विक्रेत्याने त्यावर चार बोटं रुंद राजमुद्रा थापलीय. ज्याच्या अंगावर सदराच नव्हता त्याच्या फोटोला टाय लावावा तसं. शिवाय ती लाख नव्हेच, मेणासारखं काहीतरी आहे. मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या खोलीत ते मऊ होऊन काचेला चिकटलं. एक तारा तिथे गेला.

दुसरा तारा. नावं ४१ हवीत. मी धंद्याच्या सवयीने मोजली, ४० भरली. पुन्हा मोजली. मग यादी शोधून एकेक नाव जुळवलं: जॉन कार्व्हर पहिला, मग ब्रॅडफर्ड, मग बाकीचे. सगळ्यात शेवटचा एडवर्ड लेस्टर. तो नाही. शोभेसाठी कडा जाळताना त्याची ओळ जळून गेली. नीट बघितलं तर 'ए'ची शेपटी तेवढी दिसते.

हा लेस्टर कोण? स्टीफन हॉपकिन्स नावाच्या प्रवाशाचा नोकर. दुसरा नोकर एडवर्ड डोटी, त्याचं नाव बरोबर वरच. १६२१ च्या जूनमध्ये या दोघांनी तलवार आणि खंजीर घेऊन द्वंद्व केलं, दोघेही जखमी. वसाहतीने मिळून शिक्षा ठरवली: डोकं आणि पाय एकत्र बांधून चोवीस तास उपाशी ठेवायचं. तासाभरात ते कळवळले, मालकाने रदबदली केली, सोडून दिलं. त्या करारनाम्याने माणसांना पकडलं आणि सोडलंही, ते कसं, हे याहून चांगलं कुठे दिसणार? त्यांचा मालक हॉपकिन्सही काही साधा नव्हे. अकरा वर्षांपूर्वी बर्म्यूडाला जहाज फुटलं तेव्हा त्याने हाच मुद्दा काढला होता, की जहाज बुडालं तिथे गव्हर्नरचा अधिकारही बुडाला. त्याबद्दल फाशी सुनावली गेली होती, गयावया करून सुटला. मेफ्लॉवरवर नेमकं कोण कुरकुरत होतं हे ब्रॅडफर्ड लिहीत नाही. मला मात्र शंका घ्यायचा हक्क आहे. आणखी एक सही जॉन बिलिंग्टनची, त्याला १६३० साली खुनाबद्दल फासावर दिलं. म्हणजे यादी संतांची नव्हे, गावाची आहे. मालक आणि नोकर एकाच कागदावर. अशा यादीतला नोकर शोभेपायी जाळून टाकायचा म्हणजे काय!

फ्रेम करून आणली त्या दिवशी बायकोने चष्मा लावून सगळी नावं वाचायचा प्रयत्न केला. मग विचारलं, "बायकांची सही खंय आसा?" एकीचीही नाही. जहाजावर गरोदर बायका होत्या, एकीचं मूल भर समुद्रात झालं, एकीचं नांगरल्यावर. सही कोणाचीच घेतली नाही. मी सांगितलं तर म्हणाली, "मगे अर्धोच कागद." आणि मी आपणहून भर घातली, की ज्यांची जमीन त्यांचीही नाही. तो किनारा वाम्पानोआग लोकांचा. ज्या जागी वस्ती झाली तिथलं पटक्सेट गाव काही वर्षांपूर्वीच साथीत ओस पडलं होतं. नांगरल्यावर चार-पाच दिवसांत यांनी त्या लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून नेला, पुढे भरपाई करू असं म्हणत. मॅसासॉइट या त्यांच्या प्रमुखाशी तह झाला तो पुढच्या मार्चमध्ये. सातबारा बघितल्याशिवाय बयाणा दिल्यासारखं हे. पत्रकात यातलं अवाक्षर नाही.

घेणाऱ्यांसाठी कामाचं: पहिल्या फ्रेमवाल्याने कागद थेट काचेला लावला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आत वाफ धरली आणि राजाच्या मथळ्यावर हिरवी बुरशी आली. मग बाजारपेठेतल्या दुसऱ्याकडून पुठ्ठ्याचा माउंट घालून काच कागदापासून सुटी केली, मागे पट्टी चिकटवून घेतली. ९५० रुपये. आता ठीक आहे. जळक्या कडांचा भुगा पडतो, तो माउंटच्या आत राहतो.

कचेरीत लावल्यापासून लोक विचारतात, "ह्यो कसलो कागद, नाना?" रापणीतल्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा परवा पाचशेचा स्टॅम्प घ्यायला आला होता, त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून विचारलं, वाटे किती ठरले? म्हटलं, ते दुसऱ्या कागदात होते, आणि त्याच्यावर निघताना सही झालीच नव्हती. तो म्हणाला, "मगे ह्येच्यात काय आसा?" म्हटलं, दोरी सोडायची नाही, एवढंच.

मुलीला आवडलं नाही, पण मी माउंट काढायला लावला आणि शेवटच्या ओळीखाली काळ्या शाईने, माझ्या अक्षरात, 'एडवर्ड लेस्टर' लिहिलं. देवनागरीत. फ्रेमवाल्याने पुन्हा उघडून लावायचे साठ रुपये वेगळे घेतले.